सध्या माझा टाका

ओटीपी सांगायची प्रत्येकाची एक तऱ्हा असते. कोणी आकडे घाईघाईने ओततो, कोणी बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडतो. चव्हाणसाहेब दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून सांगत. पहिली जोडी, थोडं थांबणं, दुसरी जोडी, पुन्हा थांबणं, मग तिसरी. सगळे आकडे नीट पोहोचले अशी खात्री झाली की विचारत, "जेवण झालं का?" सकाळ असो की संध्याकाळ, प्रश्न तोच. सुरुवातीला मी इमानेइतबारे उत्तर देई, भाजी कोणती होती तेही सांगे. मग कळलं, ही त्यांची फोन ठेवायची रीत आहे. बाकीचे लोक 'बरं, ठेवतो' म्हणतात, हे जेवणाचं विचारतात.

वसराम चव्हाण आमच्या शिक्षण संस्थेचे कार्यालय अधीक्षक. मुख्य कार्यालय हिंगोलीत आणि शाळा नरसी, डोंगरकडा, जवळा बाजार अशा गावोगावी विखुरलेल्या. मी त्याच कार्यालयात आस्थापना सांभाळायची, म्हणजे इतरांच्या रजा आणि बढत्या पुढे सरकवत स्वतः जागच्या जागी बसायची. साहेबांचं टेबल माझ्या बरोबर समोर. इतकी वर्षं मी नवऱ्यापेक्षा जास्त वेळ त्यांच्याकडेच बघत बसले, आणि खरं सांगायचं तर कंटाळा आला नाही.

माणूस उंच, सावळा, हाडापेराने मजबूत. दाढेखाली कायम एक लवंग. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला मुद्दाम शिवून घेतलेलं झाकण आणि त्याला बटण, कारण एकदा वाकताना त्यांचा फोन पाण्याच्या हौदात पडला होता. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा फसत नाही असा त्यांचा स्वतःबद्दल समज होता. आणि तोंडी एकच शब्द, 'बराबर'. नव्या माणसाला तो होकार वाटे. शाळेचा पत्रा उडाला, बराबर. मुख्याध्यापक दोन दिवस आले नाहीत, बराबर. त्याचा अर्थ एवढाच की तुमचं ऐकलं. होकार-नकार काय असेल तो मागाहून त्यांच्या वागण्यातून कळे.

त्यांचं घर औंढ्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या तांड्यावर. हिंगोलीत ते एका खोलीत एकटे राहत. शनिवारी अर्ध्या दिवसाने कार्यालय सुटलं की बस धरून तांडा गाठायचा, सोमवारी सकाळी परत. तांड्यावर बायको आणि म्हातारी आई. आईला त्यांच्या बोलीत याडी म्हणतात, म्हणून आम्हीही 'याडी कशा आहेत' असंच विचारायचो. याडींना अलीकडे माणसं ओळखू येत नव्हती. सुनेला त्या परकी बाई समजत आणि तिच्या हातचं खायला नको म्हणत. वसराम समोर बसला, त्याने भाकरी दुधात कुस्करून दिली, की मात्र निमूट खात. म्हणजे शनिवार-रविवार पोटभर, बाकीचे दिवस सुनेची आणि सासूची झटापट. म्हणून साहेबांनी जवळा बाजारच्या शाळेत बदली मागितली होती. तिथून रोज संध्याकाळी घरी जाता आलं असतं. अर्ज आमचे सचिव, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली होता. मी दर आठवड्याला फाइल घेऊन जायची आणि तो तिथेच आहे ना ते बघून यायची.

तेवढ्यात संस्थेला सॉफ्टवेअरचं वेड लागलं. हजेरी, रजा, पगार, सगळं एका ठिकाणी. याआधी अंगठ्याचं मशीन आणून झालं होतं. डोंगरकड्याच्या शाळेत पंधरवड्याच्या आत त्या मशीनमध्ये मुंग्या झाल्या. कोणीतरी भक्तिभावाने त्याच्यात गुळाचं पाणी ओतलं होतं. कोणी, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि चौकशी समितीला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे या खेपेला अण्णांनी साहेबांना बोलावलं. मी फाइल घेऊन शेजारीच उभी होते. माणसं तुम्ही निवडा, सॉफ्टवेअर सगळ्या शाळांत चालू करून द्या, आणि चालू झालं की दुसऱ्या दिवशी तुमचा जवळा बाजारचा आदेश, असं अण्णा म्हणाले. "बराबर," साहेब म्हणाले. माझ्या माहितीत त्या शब्दाचा अर्थ 'हो' असा पहिल्यांदाच निघाला असावा.

पुण्याहून कंपनीचा माणूस आला. त्याने सांगितलं, प्रत्येक शाळेतले उत्साही, मोबाइल-कॉम्प्युटरची आवड असलेले लोक घेऊन एक टीम करा. अण्णांकडे यादी तयारच होती, तीत पहिला त्यांचा भाचा. साहेबांनी यादी घडी करून खिशात घातली, वरून बटण लावलं, आणि ती पुन्हा कधी उजेडात आली नाही.

त्यांची टीम ऐकून मी कपाळाला हात लावला. डोंगरकड्याचे देशमुख सर, ज्यांनी संस्थेच्या प्रत्येक निर्णयाविरुद्ध अर्ज केलेला. मुंग्यांच्या बाबतीत सगळ्या गावाला ठाऊक असलेलं नाव यांचंच. जवळा बाजारचे लिपिक सय्यदभाई, ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि नरसीच्या शेळकेबाई, ज्या माउसला हात लावण्याआधी तो पुसून घेत आणि नंतर हात धूत. मी म्हटलं, साहेब, हे सॉफ्टवेअर चालवायला चालले की पुरायला?

त्यावर त्यांनी मला लदेणीची गोष्ट सांगितली. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखामुलखांतून हिंडायचे, तो तांडा म्हणजे लदेणी. आजोबांच्या आजोबांच्या काळची ही गोष्ट, तेव्हा खरी किती आणि साहेबांनी रचलेली किती, देव जाणे. "बाई, जे बैल आपसूक चालते त्याची काळजी काहून करायची? ते तर चालूनच राहिलं," ते म्हणाले. "आडतं ते बैल पयलं हुडकायचं. त्याला मधी घालायचं. म्होरं चालणारं, मागं ढकलणारं. त्याला थांबायलाच जागा न्हाई. बुजतं ते घंटीच्या जवळ. अन् वरडतं ते कडंला, म्हंजी सगळ्याला ऐकू जातं."

मी विचारलं, घंटी कोणाच्या गळ्यात? ते हसले. लवंग या गालातून त्या गालात गेली.

आणि गंमत म्हणजे जमलं. देशमुख सरांना त्यांनी तक्रारप्रमुख केलं. सॉफ्टवेअरमधलं जे जे वाईट असेल ते शोधून लिहून द्यायचं, एवढंच काम. सरांनी आयुष्यभर जे फुकट केलं ते आता अधिकाराने करायला मिळालं. त्यांनी चुका काढून काढून कंपनीला रडकुंडीला आणलं, कंपनीने त्या दुरुस्त केल्या, आणि महिन्याभरात कोणी सॉफ्टवेअरला नावं ठेवली की देशमुख सर अंगावर जाऊ लागले. त्यांच्या लेखी ते त्यांनीच बनवलेलं होतं. सय्यदभाईंना साहेब गुपित म्हणून एकेक सूचना सांगत, ती दुपारपर्यंत सगळ्या शाळांत पोहोचे. परिपत्रक काढायची गरजच उरली नाही. आणि शेळकेबाईंना त्यांनी स्वतः शेजारी बसवून शिकवलं. नरसीच्या बाईंना जमलं ही बातमी पसरल्यावर 'मला जमत नाही' म्हणायची कोणाला सोय राहिली नाही.

सगळी माणसं त्यांनी बरोबर ओळखली होती. चूक झाली ती एकाच ठिकाणी, आणि तीही सगळ्यांसमोर, भरदुपारी.

नावनोंदणीचा दिवस होता. शाळाशाळांतून लोक कार्यालयात आलेले. प्रत्येकाने आपला मोबाइल नंबर द्यायचा, लॉगिन करताना त्यावर ओटीपी येणार. आणि नंबर म्हटल्यावर सगळी सभा थंड झाली. नंबर दिला की आपण कुठे आहोत ते अण्णांना दिसतं, अशी आवई उठलेली होती. ती सय्यदभाईंनीच उठवली असावी, पण ते आता काय उपयोगाचं. देशमुख सरांचं सिम बायकोच्या नावावर होतं आणि त्यांना कायदा बघायचा होता. शेळकेबाईंच्या घरी फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात. कोणाचा नंबर बँकेला जोडलेला, कोणाचा नंबर आठवत नव्हता. कंपनीचा माणूस घड्याळ बघत होता, त्याची गाडी संध्याकाळची. तो म्हणाला, नंबर नंतर ज्याचा त्याला बदलता येईल, सोपं आहे, पण आज काहीतरी टाकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

साहेबांनी खिशाचं बटण काढलं, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझा टाका. सध्या माझा टाका."

एका दमात खोलीतली हवा मोकळी झाली. सगळ्यांच्या नावापुढे एकच नंबर पडला. त्या कंपनीवाल्याच्या चेहऱ्यावर शंका दिसली, पण गाडी त्याला जास्त महत्त्वाची होती. आमच्याकडे 'सध्या' हा शब्द फार चिवट. आमचं कार्यालय ज्या इमारतीत आहे, तीही संस्थेने 'सध्या' म्हणून घेतलेली आहे आणि तिच्या भिंतीतून आता पिंपळ निघाला आहे.

सॉफ्टवेअर चालू झालं. अण्णांचा सत्कार झाला, शाल अण्णांना, फोटोत मागच्या रांगेत साहेब. दुसऱ्या दिवशी आदेश निघायचा होता. तो निघाला नाही. साहेब आत जाऊन उभे राहिले, तेव्हा अण्णा प्रेमानेच म्हणाले, "चालत्या गाडीचे बैल बदलत नसतात, चव्हाण. अजून जरा स्थिर होऊ द्या." साहेब 'बराबर' म्हणाले आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी दुसरी लवंग तोंडात टाकली नाही. सगळ्यांचे आकडे चव्हाणांच्याच फोनवर येतात ही अण्णांची सोय झाली होती, ते मला उशिरा कळलं. कोणती शाळा किती वाजता उघडली, हे त्यांना आता चव्हाणांना विचारलं की कळत होतं.

मग त्यांचा फोन सकाळपासून वाजायला लागला. हजेरी भरायची, साहेब आकडा सांगा. रजा टाकायची, आकडा सांगा. ते कटिंगच्या दुकानात अर्ध्या दाढीने आकडे सांगताना मी पाहिलेत. पुतणीच्या लग्नात अक्षता एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात. नरसीच्या देवळात आम्ही सगळे एकदा गेलो होतो, तिथेही ते मूर्तीसमोरून रांगेबाहेर आले, कोपऱ्यात जाऊन तीन जोड्या सांगितल्या, जेवणाचं विचारलं, आणि पुन्हा रांगेच्या शेवटाला उभे राहिले. हसावं की रडावं, मला ठरवता आलं नाही. बाकीच्यांनी ठरवलं होतं, ते हसत होते.

पण खरी अडचण तांड्याची. औंढ्याच्या पुढे रेंज जाते ती जातेच. तांड्याच्या फाट्यावर दोन काड्या दिसतात, त्याही पुढच्या वळणावर मावळतात. शनिवारी साहेब बसमध्ये बसले की सय्यदभाईंचा फोन, रविवारी देशमुख सरांना महिन्याचा गोषवारा काढायची हुक्की, आणि सोमवारी सकाळी सगळ्या शाळा बंद लॉगिनसमोर तोंड पाहत. एकदा पगारबिल अडकलं तेव्हा अण्णा बोलायचं ते बोलले. तेव्हापासून साहेबांचे शनिवार एकाआड एक झाले, मग महिन्यातून एक. शेवटी त्यांना घरामागच्या टेकडीवर एक जागा सापडली, एका मोठ्या धोंड्यावर बसलं की रेंज येते अशी. फाटा लांब, टेकडी जवळ. मग ते तांड्यावर गेले तरी दिवस टेकडीवर काढू लागले. याडींना खाली घास भरवायचा, फोन आठवला की वर चढायचं. बायको त्यांचं जेवण वर नेऊन देई. ती एकदा हिंगोलीला दवाखान्यात आली होती, तेव्हा मला म्हणाली, "बाई, मालक घरी येऊन राहिले म्हंत्यात. पर घरात कुठं येऊन राहिले?"

त्यांनी सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. नंबर बदलणं खरंच सोपं होतं, ज्याचा त्याने आपल्या लॉगिनमधून बदलायचा, चहा निवायच्या आत होण्यासारखं. साहेब एकेकाला विनवत. देशमुख सर म्हणत, तुम्ही आहात तोवर कशाला. शेळकेबाईंना तेवढंच एक बटण दाबायची भीती वाटे, बाकी सगळी दाबत. सय्यदभाई 'आज करतो साहेब' म्हणत आणि सगळ्यांना सांगत की साहेब नंबर बदला म्हणतायत, पण स्वतः करत नसत. जी टीम त्यांनी इतक्या पारखून बांधली, तिच्यात चालणारं, आडणारं, बुजणारं, ओरडणारं, सगळं होतं. गळ्यातली घंटी उतरवून घेणारं कोणी त्यांनी घेतलंच नव्हतं. माझा नंबर मी बदलला होता, आस्थापनेला बदलावाच लागला. त्याने काय होणार, पाचपन्नासांतला एक.

एकदा मी चिडून म्हटलं, सांगू नका ना आकडा. दोन दिवस सगळं अडू द्या, आपोआप नंबर बदलतील. त्यांनी फोन खिशात घातला, वरून बटण लावलं. मग म्हणाले, "आडू तर दिलं असतं बाई. पर पगार त्यांचा आडतो, आण्णांचा न्हाई. शेळकेबाईच्या घरी आधीच पैशाची तकलीफ हाय. त्यायनी माझ्यावर भरोसा टाकून शिकलं हाय. आता मीच हात आखडला तर कसं?"

मला त्या वेळी त्यांचा रागच आला. चांगुलपणालाही काही अंत असावा, असं मला अजून वाटतं.

दिवाळीच्या आधी याडी अंथरुणाला खिळल्या. साहेबांनी रजा टाकली. त्या रजेच्या अर्जालाही ओटीपी लागला आणि तो त्यांच्याच फोनवर आला, एवढा एक आकडा त्यांना कोणाला सांगावा लागला नाही. ते तांड्यावर गेले आणि इकडे सणाचं पगारबिल आलं. सगळ्या शाळांनी त्या दिवशी संध्याकाळच्या आत भरायचं, नाहीतर पगार दिवाळीनंतर. पगारबिल भरणारे सगळे जण कार्यालयात येऊन बसले होते. एकामागून एक फोन लावायचा, साहेब टेकडीवरून आकडे सांगायचे. शेवटी नरसीचं राहिलं. आकडे टाकताना शेळकेबाईंचा गोंधळ व्हायला नको म्हणून देशमुख सरांनी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

साहेबांनी पहिली जोडी सांगितली. थांबले. दुसरी जोडी सांगितली. तेवढ्यात मागून, बऱ्याच लांबून, बाईमाणसाची हाक ऐकू आली. शब्द त्यांच्या बोलीतले, आम्हाला कळले नाहीत, पण ती हाक कशाची आहे हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. हाक पुन्हा आली. फोनमध्ये नुसता वारा होता. शेळकेबाई म्हणाल्या, साहेब, राहू द्या. साहेबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी तिसरी जोडी सांगितली, नेहमीसारखी, सावकाश. मग फोन बंद झाला. जेवणाचं त्यांनी विचारलं नाही.

ते आकडे कोणी टाकले मला आठवत नाही. मी रडत होते आणि देशमुख सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्याच संध्याकाळी, तिथेच बसून, लॉगिन उघडी होती तोवर सगळ्यांनी आपापले नंबर बदलले. ज्यांचं सिम बायकोच्या नावावर होतं त्यांनीही, ज्यांना बटणाची भीती होती त्यांनीही. चहा सांगितला होता, तो यायच्या आत झालं.

याडींचे दिवस झाल्यावर अण्णांनी बदलीचा आदेश काढला. साहेबांनी तो घेतला, वाचला, बराबर म्हणाले, आणि नोकरीची उरलेली वर्षं सोडून सरळ निवृत्ती घेतली.

गेल्या हिवाळ्यात मी जवळा बाजारच्या शाळेत नव्या लोकांना सॉफ्टवेअर शिकवायला गेले होते. हो, आता ते मी शिकवते. परत येताना तांड्याच्या फाट्यावर उतरले आणि साहेबांच्या घरी गेले. घरात त्यांची बायको एकटी होती. मी काही विचारायच्या आत तिने हाताने टेकडी दाखवली. म्हणाली, सकाळी जातात, दुपारी मी भाकर नेते, अंधारताना येतात.

मी धापा टाकत वर चढले. साहेब धोंड्यावर बसले होते. वाळले होते, पण कपडे तसेच स्वच्छ आणि दाढेखाली लवंग. फोन खिशात नव्हता, गुडघ्यावर होता. मला बघून फार आनंदले. देशमुख सरांचं गुडघ्याचं दुखणं, शेळकेबाईंची सून, सगळ्यांची चौकशी केली. सय्यदभाई काय म्हणतात असं विचारलं, ते काय म्हणणार नाहीत, असं मी म्हटल्यावर हसलेही. मी विचारलं, आता कोणाचा फोन येतो का? "न्हाई येत," ते म्हणाले. "सगळ्यायचं बराबर चालू हाय." आणि मग, मी विचारलं नव्हतं तरी, खालच्या घराकडे बघत म्हणाले की घरात बसलं की कान इथं टेकडीवर राहतो. मी म्हटलं, चला, सोबत उतरू, चहा घेऊ. "व्हा म्होरं बाई, आलोच," म्हणाले. मी खाली येऊन चहा घेतला, वाट पाहिली. ते आले नाहीत.

फाट्यावर बस मिळाली. खिडकीतून टेकडी दिसत होती आणि तिच्यावर पांढऱ्या शर्टाचा ठिपका. फोनवर दोन काड्या होत्या. काय मनात आलं कोण जाणे, मी फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"बोला बाई. कोणाचा आकडा पाह्यजे?"

मला कोणाचाच आकडा नको होता. मी विचारलं, "साहेब, जेवण झालं का?"

पलीकडे नुसता वारा. मला वाटलं, फोन कटला. मग त्यांचा आवाज आला, इतका हळू की मी फोन कानाला दाबून धरला.

"न्हाई अजून. मंग... जाऊ व्हय खाली?"

"जा," मी म्हटलं. "जा साहेब, उतरा." बसमधली माणसं माझ्याकडे बघायला लागली, इतक्या मोठ्याने म्हटलं. पण तोवर बस वळणावर आली होती, टेकडी दिसेनाशी झाली होती, आणि फोनवरच्या दोन्ही काड्या गेल्या होत्या.